सामूहिक कार्यनियोजनाच्या ऑनलाइन साधनांचा इतिहास : श्रम कोणाचे, लाभ कोणाचा?

प्रस्तावना :
सभेची वेळ ठरविणे, कामांची वाटणी करणे आणि झालेल्या कामाची नोंद ठेवणे ही कोणत्याही संस्थेच्या कारभाराची नित्य अंगे होत. ही कामे संगणकाकडे सोपविण्याचा इतिहास बहुधा नवनव्या सॉफ्टवेअरची नामावली म्हणून सांगितला जातो. या साधनांचे यशापयश केवळ तंत्रावर नव्हे, तर श्रम व लाभ यांच्या वाटणीवरही अवलंबून राहिले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका :
नियोजनाची तंत्रे इंटरनेटहून जुनी आहेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकन अभियंता हेन्री गँट यांनी काम व काळ यांची सांगड घालणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. १९५७ मध्ये ड्यूपाँ कंपनीत 'क्रिटिकल पाथ' पद्धती आकारास आली, तर १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी 'पर्ट' पद्धती विकसित झाली. या पद्धतींत आराखडा नियोजनकर्त्याने आखावा व इतरांनी तो पाळावा, असे गृहीत होते.

समान अधिकाराने एकत्र काम करण्याची कल्पना वेगळ्या प्रवाहातून आली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक सादर केले. मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेतील सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर दिसत असताना दोघांनी एकाच मजकुरावर काम करून दाखविले. पुढे १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शैक्षणिक संगणकप्रणालीवर 'नोट्स' ही सामूहिक चर्चेची सोय झाली. तेथे विद्यार्थी असलेल्या रे ओझी यांनी तिच्यापासून प्रेरणा घेऊन घडविलेले 'लोटस नोट्स' १९८९ मध्ये बाजारात आले.

ग्रुडिन यांची मीमांसा :
तंत्र उपलब्ध असूनही अशी अनेक साधने वापराविना पडून राहत. १९८८ मध्ये जोनाथन ग्रुडिन यांनी एका शोधनिबंधात याची कारणमीमांसा केली. त्यांचे उदाहरण साधे होते. सर्वांच्या मोकळ्या वेळा शोधून सभा ठरविणाऱ्या प्रणालीचा लाभ सभा बोलावणाऱ्यास होतो. परंतु त्यासाठी स्वतःची दैनंदिनी संगणकावर अद्ययावत ठेवण्याचे श्रम इतर प्रत्येकास घ्यावे लागतात. ज्याला लाभ नाही तो नोंद करीत नाही, आणि नोंदी अपुऱ्या राहिल्या की प्रणाली निरुपयोगी ठरते.

१९९५ मध्ये ग्रुडिन व लेशिया पॅलेन यांनी या चित्राची दुसरी बाजू मांडली. दोन मोठ्या कंपन्यांत सामायिक दैनंदिनी वरिष्ठांच्या आदेशाविनाच रुजल्याचे त्यांना आढळले. दैनंदिनीची ई-मेलशी झालेली जोडणी, सुधारलेल्या सोयी आणि सहकाऱ्यांचा आग्रह ही त्यामागील कारणे होती. नोंद करणाऱ्याचे श्रम घटले व लाभ वाढला, तेव्हा साधन टिकले.

वेबयुग :
१९९५ मध्येच वॉर्ड कनिंगहॅम यांनी वाचकाला पान संपादित करू देणारे पहिले 'विकी' सुरू केले. २००४ मध्ये 'बेसकँप', २००६ मध्ये 'गूगल कॅलेंडर' आणि २०११ मध्ये 'ट्रेलो' यांनी ही कामे ब्राउझरमध्ये आणली. मात्र केवळ तांत्रिक नावीन्य पुरेसे ठरले नाही. ई-मेल, संवाद व दस्तऐवज एकत्र आणणाऱ्या 'गूगल वेव्ह'ची घोषणा २००९ मध्ये मोठ्या अपेक्षेने झाली. परंतु पुरेसे वापरकर्ते न लाभल्याने ऑगस्ट २०१० मध्ये तिचा विकास थांबविल्याचे जाहीर झाले.

निष्कर्ष :
मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांनाही अध्यापन व बैठकांसाठी ऑनलाइन साधनांचा आश्रय घ्यावा लागला. त्या वेळी निवडीस फारसा वाव नव्हता. आता तो आहे. म्हणून एखादे साधन स्वीकारण्यापूर्वी ग्रुडिन यांचा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. प्राध्यापकाने भरलेली माहिती केवळ वरच्या अहवालापुरती उरत असेल, तर ती नोंद उपचार ठरेल. तीच माहिती त्याला तासिकांची अदलाबदल करण्यास किंवा तेच विवरण पुन्हा लिहिण्याचे टाळण्यास उपयोगी पडली, तर आदेशाची गरज उरणार नाही.