तव्यावरचा स्टेक आणि ‘रस कोंडण्या’ची गोष्ट

उष्णता-संक्रमण हा विषय शिकवताना मी दरवर्षी वर्गाला एक प्रश्न विचारतो. मांसाचा जाड तुकडा तव्यावर भाजायचा असेल, तर तवा आधी कडकडीत का तापवायचा? वर्गात शाकाहारी मुले बरीच असतात, तरी उत्तर बहुतेकांकडे तयार असते. कुणी व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाचा मित्र हॉटेल मॅनेजमेंटला असतो. “सर, त्याने बाहेरून कवच तयार होतं आणि रस आतच कोंडला जातो.” उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने येते, आणि ते चूक आहे. तवा तापवणे बरोबर आहे, पण त्याचे दिलेले कारण चूक आहे. हे कारण आले कुठून, ते दीडशे वर्षे टिकले कसे आणि त्यामुळे स्वयंपाकघरात नेमके काय उलटेपालटे झाले, ते या टिपणात पाहू.

आधी शब्दाविषयी. स्टेक म्हणजे स्नायूच्या धाग्यांना आडवा कापलेला, साधारण दोन ते चार सेंटिमीटर जाडीचा मांसाचा तुकडा. युरोप-अमेरिकेत तो मुख्यतः गोमांसाचा असतो. आपल्याकडे त्याबाबतचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत, आणि अनेक वाचकांच्या घरी मांस शिजतही नसेल. त्याने अडत नाही. इथे चर्चा उष्णतेची आहे, आणि ती सुरमईच्या तुकडीला किंवा पनीरच्या वडीलाही बरीचशी लागू पडते.

‘स्टेक’ हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला. तिथे त्याचा संबंध काडीला टोचून विस्तवावर भाजण्याशी होता. म्हणजे हा पदार्थ मुळात विस्तवाचा, तव्याचा नव्हे. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये स्टेक निखाऱ्यांवर ठेवलेल्या लोखंडी जाळीवर भाजत. १७३५ साली तिथे कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात ‘सब्लाइम सोसायटी ऑफ बीफ स्टेक्स’ नावाची एक मंडळी स्थापन झाली. स्टेक खाणे हाच तिचा कार्यक्रम, आणि तिचे बोधचिन्ह होते ती जाळी. पॅनमध्ये तळलेला स्टेक त्या काळी दुय्यम समजला जाई.

मग स्टेक तव्यावर आला कसा? त्याचे उत्तर चुलीच्या रचनेत आहे. उघड्या शेकोटीवर जळणाची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते. हा अपव्यय ज्याला सर्वात जास्त खुपला तो माणूस अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा आहे. तोफांच्या नळ्या कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून ‘उष्णता हा द्रव पदार्थ नाही’ असे १७९८ साली मांडणारा बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड. म्युनिकमध्ये असताना त्याने विटांच्या बंदिस्त चुली बांधल्या. त्यांत प्रत्येक भांड्याखाली वेगळा जाळ असे आणि तो कमी-जास्त करता येई. एकोणिसाव्या शतकात याच विचाराच्या बिडाच्या ओतीव चुली घराघरांत गेल्या. गॅसची शेगडीही त्याच शतकात आली. इंग्लंडमध्ये जेम्स शार्प याने तिचे पेटंट १८२६ मध्ये घेतले, आणि लंडनच्या रिफॉर्म क्लबच्या स्वयंपाकघरात अलेक्सिस स्वायर हा शेफ १८४० च्या दशकात गॅसवर स्वयंपाक करत होता. विस्तव असा पेटीत बंद झाला आणि स्वयंपाक्यासमोर उरला तो तापलेला सपाट पृष्ठभाग. स्टेक मग त्या पृष्ठभागावर, पॅनमध्ये शिजू लागला.

आता मुख्य पात्राकडे येऊ. युस्टुस फॉन लीबिग (१८०३–१८७३) हा गीसेन विद्यापीठातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून पद्धतशीर काम करवून घेण्याची आजची रीत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. १८४७ साली त्याने मांसाच्या रसायनशास्त्रावर पुस्तक प्रसिद्ध केले. मांसाच्या रसात विरघळलेले घटक फार पोषक असतात, ते वाया जाता कामा नयेत, असे त्याचे म्हणणे होते. त्यासाठी त्याने सुचवलेली रीत अशी: मांस थेट उकळत्या पाण्यात टाकावे, म्हणजे बाहेरच्या थरातले अल्ब्युमिन साकळून कवच बनेल. मग थोडे थंड पाणी घालून तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आणावे. कवचामुळे पाणी आत जाणार नाही आणि रस बाहेर येणार नाही.

लक्षात घ्या, ही रीत उकडलेल्या मांसाची होती. पण तेच तत्त्व भाजलेल्या मांसालाही लावले गेले, आणि फार झपाट्याने. एलायझा ॲक्टनच्या लोकप्रिय इंग्रजी पाकपुस्तकाच्या १८५५ च्या आवृत्तीने लीबिगची तत्त्वे स्वीकारल्याचे मुखपृष्ठानंतरच्या पानावरच जाहीर केले. १९०३ मध्ये ऑग्युस्त एस्कोफिए याने व्यावसायिक फ्रेंच स्वयंपाकाचा जो प्रमाणग्रंथ लिहिला, त्यातही हेच स्पष्टीकरण आहे. इतक्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने सांगितले आणि इतक्या मोठ्या शेफने उचलले, तेव्हा तराजू घेऊन बसायची गरज कुणाला वाटणार?

नुकसान काय झाले? लीबिगच्या आधी मांसाचा मोठा तुकडा विस्तवापासून लांब ठेवून हळूहळू शिजवत, आणि शेवटी जवळ आणून त्याला रंग आणत. लीबिगनंतर क्रम उलटला: आधी प्रखर आच, मग मंद. हा क्रम चुकीच्या कारणासाठी बदलला गेला आणि पुढे शंभरहून अधिक वर्षे पाकशाळांत शिकवला गेला.

रसाच्या या कल्पनेचा एक फाटा बाजारात गेला, तोही थोडक्यात सांगतो. दक्षिण अमेरिकेत तेव्हा गुरे मुख्यतः कातड्यासाठी मारली जात आणि मांस मातीमोल होते. गेओर्ग गीबर्ट या जर्मन रेल्वे अभियंत्याने लीबिगशी संपर्क साधला, आणि १८६५ मध्ये लीबिगच्या नावाने मांसार्काची कंपनी उभी राहिली. कारखाना उरुग्वेतल्या फ्राय बेन्तोस इथे होता. एक किलो अर्कासाठी सुमारे ३० किलो मांस लागे. तो आजाऱ्यांसाठी पोषक अन्न म्हणून विकला गेला. पण त्यात मांसातली बहुतेक प्रथिने आणि चरबी उतरतच नव्हती, आणि त्यावर टीका लीबिग हयात असतानाच सुरू झाली. अर्क चवदार होता, यात वाद नाही. पण ज्या रुग्णाला अन्न म्हणून तेवढेच दिले जाई, त्याच्या पोटात अन्न जवळजवळ जातच नव्हते.

कवचाची कल्पना तपासली गेली ती १९३० च्या सुमारास. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात मांसाचे मोठे तुकडे दोन रीतींनी भाजले गेले: काही आधी प्रखर आचेत कवच आणून, काही पहिल्यापासून एकसारख्या मंद आचेवर. मग वजने घेतली. कवच आणलेल्या तुकड्यांतून रस कमी गेला नव्हता, उलट किंचित जास्तच गेला होता. हा निष्कर्ष स्वयंपाकघरापर्यंत पोचायला आणखी अर्धे शतक लागले. १९८४ मध्ये हॅरोल्ड मॅगी याच्या ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या ग्रंथाने तो सामान्य वाचकासमोर ठेवला.

खरे तर प्रयोगशाळेचीही गरज नव्हती. कान पुरेसे होते. स्टेक तव्यावर असताना जो चुरचुर आवाज येत राहतो तो कशाचा? आतून बाहेर येणाऱ्या पाण्याची तव्याला टेकून वाफ होण्याचा. कवच बंद झाले असते तर दोन मिनिटांत तवा गप्प झाला असता.

रस किती जाईल, हे बाहेरचे कवच नव्हे तर आतले तापमान ठरवते. साधारण ५० अंशांना स्नायूतले मायोसिन हे प्रथिन साकळू लागते. ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान धाग्यांभोवतीचे कोलॅजनचे आवरण आकसते आणि ओले फडके पिळावे तसा रस बाहेर ढकलते. ७० च्या पुढे मांस राखाडी आणि कोरडे होते. आतून लालसर आणि रसाळ स्टेक हवा असणारे म्हणूनच ५२ ते ५५ अंशांना तो तव्यावरून उतरवतात.

मग कडक तव्याचे काम काय? चव. ज्याला आपण ‘खरपूस’ म्हणतो ते. लुई-कामीय मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये अमिनो आम्ले आणि शर्करा एकत्र तापवल्या की तपकिरी पदार्थ बनतात, असे नोंदवले. त्याला रस स्वयंपाकात नव्हता, शरीरातल्या प्रथिनांच्या रसायनात होता. या अभिक्रियांचा सुसंगत आराखडा १९५३ मध्ये जॉन हॉज या कृष्णवर्णीय अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मांडला. तो इलिनॉयमधल्या पिओरिया इथे सरकारी कृषी प्रयोगशाळेत काम करत होता. नाव मात्र मायारचेच राहिले. भाकरीवरचे डाग, भाजलेली कॉफी, परतून तपकिरी झालेला कांदा, स्टेकचा खरपूस थर, या सगळ्यांत याच अभिक्रियांचा हात आहे.

या अभिक्रिया १४० अंशांच्या वर वेगाने होतात, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान १०० च्या वर जात नाही. म्हणजे लढाई पाण्याशी आहे. आता हिशेब करू, कारण हा वर्ग शेवटी अभियांत्रिकीचा आहे. एक ग्रॅम पाणी २० अंशांपासून तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.६ किलोज्यूल लागतात, त्यातला मोठा भाग अप्रकट उष्म्याचा. दोन किलोचा बिडाचा तवा २३० अंशांवरून १४० वर उतरला तर २ × ०.४६ × ९० म्हणजे सुमारे ८३ किलोज्यूल देतो. त्यात ३२ ग्रॅम पाणी उडते. अर्धा किलोचा पातळ पोलादी तवा देतो २१ किलोज्यूल, म्हणजे फक्त ८ ग्रॅम. ज्योतीची भर या हिशेबात धरलेली नाही, तरी फरक कळतो. पातळ तव्यावर स्टेक भाजला न जाता स्वतःच्याच पाण्यात का उकडतो, हेही कळते.

त्यामुळे घरच्या गॅसवर स्टेक करताना पहिली गोष्ट, तुकडा फडक्याने कोरडा टिपायचा. मीठ लावायचे तर तासभर आधी लावायचे किंवा अगदी टाकताना. मधल्या वेळेत लावले तर मिठाने ओढलेले पाणी वरच साचते. तेल रिफाइंड किंवा तूप. लोणी सुरुवातीला नको, कारण त्यातले दुधाचे घन भाग लवकर करपतात. खिडकी उघडायची, एक्झॉस्ट लावायचा, कारण २३० अंशांच्या तव्यावर धूर होणारच. आणि एकदाच उलटायचे हा नियम विसरायचा. तो कवच मोडू नये म्हणून होता, आणि कोंडून ठेवणारे कवच नसतेच. दर अर्ध्या-एक मिनिटाला उलटले तर आतले तापमान दोन्ही बाजूंनी सारखे चढते आणि कडेचा राखाडी पट्टा पातळ राहतो.

जाड तुकड्यासाठी अलीकडे अनेक जण आधी मंद ओव्हनमध्ये आतले तापमान ४५-४८ अंशांपर्यंत आणतात आणि शेवटी तव्यावर मिनिटभर रंग देतात. ही रीत नवी म्हणून सांगितली जाते. लीबिगच्या आधीच्या स्वयंपाक्यांना तिच्यात नवे काही वाटले नसते. रम्फर्डने तर बटाटे वाळवण्याच्या यंत्रात मेंढ्याच्या खांद्याचे मांस रात्रभर मंद उष्णतेवर ठेवून पाहिले होते, आणि सकाळी ते इतके मऊ निघाले की तो चकित झाला.

प्रयोग करून पाहायचा असेल तर सारख्या वजनाच्या दोन तुकड्या घ्या, कोंबडीच्या चालतील. एक आधी कडक तव्यावर रंगवून मग मंद आचेवर शिजवा, दुसरी आधी मंद आचेवर शिजवून शेवटी रंगवा. दोन्ही एकाच आतल्या तापमानाला उतरवा. कोंबडीसाठी ते ७४ अंश. वजन पाच मिनिटांनी करा, आणि ताटलीत जमलेला रसही त्यातून वेगळा मोजा.