‘लागीर’ आणि ‘डिब्बुक’

नांदेड-लातूरकडे एखाद्या स्त्रीस पिशाच्चबाधा झाली असे सांगावयाचे असता ‘तिला लागीर झाले’ किंवा ‘भूत लागले’ असे म्हणतात. वाक्यात भूत हा कर्ता असतो आणि माणूस चतुर्थीत येतो. कोणाला लागले, हे सांगितल्यावाचून ते वाक्य पुरे होत नाही. यहुदी लोककथांतील ‘डिब्बुक’ या शब्दाचा विचार करताना ही रचना मराठी अभ्यासकाच्या फार उपयोगी पडते. कारण अलीकडे रचल्या गेलेल्या एका कथेने त्या शब्दाचा मूळ अर्थच झाकून टाकला आहे.

२००३ साली अमेरिकेतील केविन मॅनिस यांनी मद्याच्या बाटल्या ठेवण्याचे एक लहान लाकडी कपाट ‘ईबे’ या संकेतस्थळावर लिलावास काढले. नाझींच्या छळातून वाचलेल्या एका वृद्ध यहुदी स्त्रीचे ते असून त्यात डिब्बुक कोंडलेला आहे, अशी कथा सोबत जोडली होती. त्या कथेवरून २०१२ साली इंग्रजी चित्रपट निघाला. २०१७ च्या ‘एझ्रा’ या मल्याळम चित्रपटातही डिब्बुकाची पेटी आली. २०२१ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती प्रदर्शित झाली. त्याच वर्षी मॅनिस यांनी ही कथा आपणच रचल्याचे मान्य केले! वंशसंहारातून वाचलेल्या माणसांच्या स्मृतीचा विक्रीसाठी असा उपयोग व्हावा, हे भूतकथेहून अधिक अस्वस्थ करणारे आहे.

वस्तुतः ही पेटी शब्दापाशीच खोटी ठरते. हिब्रू ‘द-ब-क’ या धातूचा अर्थ चिकटणे, बिलगणे असा आहे. आजच्या हिब्रूत ‘देवेक’ म्हणजे डिंक. पुरुष आपल्या स्त्रीशी जडून राहील असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगताना, तसेच रूथ सासूला बिलगून राहिली हे सांगताना, हाच धातू योजिला आहे; ईश्वराशी चित्त जडण्याच्या अवस्थेस ‘देवेकूत’ म्हणतात. मराठीतही ‘लग्न’, ‘लागणे’ आणि ‘लागीर’ एकाच ‘लग्’ धातूच्या कुळातील आहेत. नामाचा छंद लागतो, तसे भूतही लागते. यावरून उसनवारीचे अनुमान काढणे धाडसाचे होईल. दोन भिन्न कुळांतील भाषांनी एकाच अनुभवातून सारखेच रूपक घडविले, इतकेच म्हणता येते.

वस्तूत पिशाच्च अडकविण्याची कल्पना यहुदी परंपरेत मुळीच नाही, असे मात्र नव्हे. इसवी सनाच्या सुमारे पाचव्या ते आठव्या शतकांतील, अरामी मंत्र कोरून लिहावेत तसे आतून शाईने लिहिलेले मातीचे वाडगे इराकात निप्पुर येथे घरांच्या जमिनीखाली पालथे पुरलेले सापडले. त्यांत बांधून टाकावयाची ती बहुधा राक्षसयोनी. डिब्बुक हा मृत मनुष्याचा आत्मा होय. सोळाव्या शतकात सफेद येथे इसाक लुरिया (१५३४–१५७२) व त्यांचे शिष्य यांनी पुनर्जन्माचा जो विचार मांडला, त्यात पापामुळे गती न मिळालेला जीव जिवंत देहाचा आश्रय घेतो. त्याला पेटी नको असते, माणूस हवा असतो.

का हवा असतो, याचे उत्तर कथा देतात. १९२० साली वॉर्सा येथे प्रथम रंगभूमीवर आलेल्या आन्स्की यांच्या ‘डिब्बुक’ नाटकात मुलांच्या विवाहाविषयी दोन मित्रांनी परस्परांस दिलेले वचन मोडते आणि मृत तरुण त्या वधूच्या देहात शिरतो. मराठवाड्यात घरोघरी पारायण होणाऱ्या गुरुचरित्रात पूर्वजन्मीचे ऋण न फेडल्याने स्त्रीला ब्रह्मसमंधाची पीडा होते. येथे ऋण, तेथे वचन. दोन्हीकडे सोसते ती स्त्रीच. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाची श्रद्धा मात्र भयापेक्षा संरक्षणाकडे वळलेली दिसते. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावरील खुणा एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या मानल्या जातात, आणि त्याच्या नावाने मलिद्याचा नवस फेडला जातो.

लागीर झालेल्या देहाची कथा पोथीत संपत नाही. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे ठरले आहेत.