जुनं चिनी मातीचं घड्याळ विकत घेताय? आधी त्याची पाठ उघडून बघा

कर्जत-खालापूरकडच्या फार्महाऊसच्या दिवाणखान्यात एखादं जुनं घड्याळ ठेवायचं मनात आलं, की पावलं मुंबईच्या चोर बाजाराकडे वळतात. तिथे फुलापानांची नक्षी असलेलं, चकचकीत चिनी मातीचं घड्याळ समोर येतं आणि विक्रेता सांगतो, "राणीच्या काळातलं आहे." हे खरं कसं मानायचं?

एका घड्याळाची दोन वयं

राणी व्हिक्टोरियाचा काळ म्हणजे १८३७ ते १९०१. या काळात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागात घर सजवायला मातीच्या मूर्ती बनत. त्यातल्या काहींवर घड्याळाची तबकडी नुसती रंगवलेली असे! खरं घड्याळ परवडत नसलेल्या घरात शोभेला ती पुरायची. त्यामुळे अशी वस्तू चालत नाही म्हणून खोटी ठरत नाही.

चालणाऱ्या घड्याळांची गोष्ट वेगळी. त्यांचं मातीचं कवच एका ठिकाणी बने आणि आतलं मशीन दुसरीकडे. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सोनिया कंपनीच्या प्रसिद्ध घड्याळांना जर्मनीतल्या बॉन शहराचं 'रॉयल बॉन' कवच असे. म्हणूनच कवच आणि मशीन, दोन्हींचं वय वेगवेगळं तपासावं लागतं. जुन्या कवचात भलतंच मशीन बसवलेलं असेल, तर किंमत बरीच उतरते.

कवचावर काय बघायचं?

• शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का: ही ब्रिटिश नक्षीच्या नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३ दरम्यानची. १८८४ पासून तिच्या जागी 'आरडी' आणि नोंदणी क्रमांक आला.

• 'इंग्लंड' हा शब्द: १८९० च्या अमेरिकी आयात कायद्यामुळे मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे हा शब्द असलेली वस्तू बहुधा १८९१ नंतरची. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातली.

• केसासारख्या बारीक भेगा: झिलईवर त्या वयानुसार पडतात, पण मुद्दाम पाडताही येतात. नुसत्या भेगांवर भरवसा नको.

मशीनवर काय बघायचं?

मागचं झाकण उघडा. फ्रान्सच्या जापी कंपनीच्या मशीनवर पदक आणि १८५५ सारखं वर्ष दिसतं. अनेकजण इथेच फसतात. ते वर्ष पदक मिळाल्याचं, घड्याळ बनल्याचं नव्हे. मशीनभोवती जास्तीची भोकं, नवे स्क्रू किंवा तबकडी आणि कवचात फट दिसली, तर मशीन बदललेलं असू शकतं.

नजर तयार करायला भायखळा

कर्जतहून मुंबईची लोकल पकडून भायखळ्याला उतरा. राणीच्या बागेजवळचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मुंबईच्या कला विद्यालयात त्या काळी घडवलेली मातीची भांडी तिथे आहेत. अस्सल जुनी झिलई कशी दिसते, हे फोटोपेक्षा तिथे नीट कळतं.

घरी आणल्यावर

• प्रवासात लंबक आणि चावी काढून वेगळी गुंडाळा. घड्याळ लंबकासकट हलवलं तर मशीन बिघडू शकतं.

• कर्जतचा पाऊस मशीनचा शत्रू. ओल येणाऱ्या भिंतीला घड्याळ टेकवू नका. दमट हवेत स्प्रिंग गंजते.

• कवच पाण्यात बुडवू नका, मशीनमध्ये खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. हे काम चावीच्या घड्याळांच्या कारागिराचं.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाचीला भेट पाठवायची असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. खरेदीची पावतीही जपून ठेवा.

आणि आजोबांचं असं एखादं घड्याळ माळ्यावर पडलं असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा त्याची पाठ जरूर उघडून बघा.