बडोद्याची ग्रंथालयं : पैसा कुठून आला?

ग्रंथालयाच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की आपण आधी स्थापनेचं साल आणि संस्थापकाचं नाव शोधतो. दोन्ही मिळाली की निम्मं प्रकरण झालं असं वाटतं. आज तुम्हाला तिसरी गोष्ट शोधायला सांगणार आहे : पैसा कुठून येत होता? उदाहरण म्हणून बडोदा घेऊ.

सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्यातून नवी अडचण आली. शाळा सुटल्यावर गावात वाचायलाच काही नसेल, तर मूल शिकलेलं विसरणार. म्हणजे शाळेवरचा खर्च वाया जाऊ नये म्हणून ग्रंथालय हवं होतं. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं. ते १९१३ पर्यंत राहिले. त्या काळात बडोदा शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. त्याची सुरुवात महाराजांच्या खासगी संग्रहातल्या सुमारे २०,००० पुस्तकांनी झाली. स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली, ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्गही निघाला.

पण गावांचं काय? इथे हिशेब बघा. गावाने ठरावीक मर्यादेपर्यंत जेवढी रक्कम जमवली, तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तिघांचा वाटा एक-तृतीयांश. एकट्या सरकारी तिजोरीवर भार नाही आणि गावालाही ग्रंथालय आपलं वाटतं.

आता तुम्ही संशोधक म्हणून विचारायला हवं : ज्या गावाला पहिला तिसरा हिस्साच जमत नव्हता, त्याचं काय झालं? या नियमात गरीब गाव आपोआप मागे पडतं. ही फट थोडीफार बुजवली ती फिरत्या पेट्यांनी. लाकडी पेटीत थोडी पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवायची, आणि वाहतुकीचा खर्च खात्याने सोसायचा. म्हणजे एकाच व्यवस्थेत दोन तर्क होते : एक गावाच्या ऐपतीवर चालणारा, दुसरा तिच्याशिवाय चालणारा. इतिहास लिहिताना दोन्ही एकत्र कालवू नका.

साधनांबद्दल दोन सूचना. पहिली : बडोद्याबद्दल सगळ्यात जास्त वापरली जाणारी पुस्तकं जनार्दन कुडाळकर आणि न्यूटन मोहन दत्त यांची. दोघेही त्याच खात्याचे अधिकारी. माहिती भरपूर मिळते, पण तो खात्याने सांगितलेला खात्याचा इतिहास आहे. शिवाय किती पेट्या गेल्या हा आकडा म्हणजे किती लोकांनी वाचलं हा आकडा नव्हे. प्रयोगशाळेत आपण उपकरण काय मोजतं ते आधी विचारतो ना, तसंच इथेही विचारा.

दुसरी : ‘अमेरिकन आला आणि ग्रंथालयं आली’ ही गोष्ट सोपी आहे म्हणून ती उचलू नका. चरोतरातले शिक्षक मोतीभाई अमीन बॉर्डन यायच्या आधीपासून मित्रमंडळ ग्रंथालयं चालवत होते. पुढे त्यांनाच ग्रंथालय खात्यात घेतलं गेलं. बाहेरून पद्धत आली, पण गावातली माणसं आधीच तयार होती.

हे सगळं आपल्याशी कसं जोडलेलं आहे? महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. संस्था लोकांनी उभी करायची, मग मान्यता, मग अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे अनुदान. पहिलं पाऊल इथेही लोकांचंच. त्यामुळे बडोद्याला विचारलेला प्रश्न तुमच्या तालुक्यालाही लागू पडतो : कोणत्या गावात ग्रंथालय नाही, आणि तिथे पहिला हिस्सा कोण घालणार होतं?

विषय शोधत असाल तर इथून सुरुवात करा. तालुक्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांची यादी घ्या, गावांची यादी शेजारी ठेवा. ज्या गावांपुढे रकाना रिकामा राहील, तिथून तुमचं काम सुरू होतं.