सप्त्यातला पहारा आणि माझं पॅकेज



गेल्या आठवड्यात इथे आपल्या गावच्या जुन्या सप्त्याचा फोटो आला होता. त्यात डावीकडे खांबाला टेकून उभे, हातात टाळ नाही पण खिशाला पेन आहे, ते आमचे तात्या, माझे आजोबा. त्या फोटोखाली दोघातिघांनी मला विचारलं, तू ते कॉम्प्युटरचं बिनपैशाचं काम करायचास, ते सोडलंस म्हणे? सोडलं, खरं आहे. पण कसं सोडलं ते दोन ओळींत सांगता येईना, आणि सांगायला बसलं की तात्यांची वही मध्ये येतेच. म्हणून सगळंच लिहितो. सवडीने वाचा.

बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी आधी गाव. आदिलाबादहून निर्मलकडे जाताना जिथे इंद्रवेल्ली-उटनूरचा, म्हणजे केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेचा रस्ता हायवेपासून फुटतो, ते आपलं गुडीहत्नूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली तेव्हा आपल्याच जिल्ह्यातलं किनवट नांदेडला गेलं, आपण आंध्रात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. कागद तेलुगूत, घरातलं बोलणं मराठीत, सोयरीक किनवट-माहूरकडे. त्यामुळे लग्नपत्रिका दोन्ही भाषांत छापायची रीत.

आता वही. सप्त्यात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर दिवसाचे १२, सात दिवसांचे ८४. कीर्तनकार कोण, पंगत कुणाची, यावर गावात चर्चा व्हायची. ८४ पहाऱ्यांवर कुणी चर्चा करत नसे, कारण ते तात्यांच्या वहीत असायचे. प्रत्येक नावापुढे ते पेन्सिलीने दुसरं एक नाव लिहून ठेवायचे. दुपारी कुणी येऊन म्हणालं, "तात्या, आज जमत नाही," तर कारण न विचारता त्याला चहा द्यायचे आणि पेन्सिलीचं नाव पेनाने गिरवायचे.

मी चौथीत असताना रात्री २ ते ४ चा माणूस आलाच नाही. आधीच्या पहाऱ्याचे एक म्हातारे बाबा चार तास वीणा घेऊन उभे राहिले. सकाळी तो माणूस दिसल्यावर तात्या एवढंच म्हणाले, "नाही म्हणायला तुझं तोंड लाजलं, म्हणून त्यांचे पाय सुजले." हे वाक्य पुढे माझ्यावरच येणार होतं.

२०१२ साली मी हायवेला लागून दुकान टाकलं. झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज, पत्रिका. विकतचं विंडोज परवडत नव्हतं आणि चोरीचं वापरायचं नव्हतं, म्हणून एका मित्राने डेबियन नावाची फुकट प्रणाली टाकून दिली. ती बसवतानाचे प्रश्नसुद्धा मराठीत आले, याचं मला फार अप्रूप वाटलं. नंतर कळलं की फेब्रुवारी २००९ च्या आवृत्तीपासून ती सोय होती.

गडबड झाली ती पत्रिकेत. "दुसऱ्या कन्येचा विवाह" असं टाईप केलं की "दुसर्या" उमटायचं, रफार थेट य च्या डोक्यावर. हिंदीवाल्याला यात काही चुकलंय असं वाटणार नाही. आपल्याला मात्र आचार्यांना दक्षिणा द्यायची आहे की आचाऱ्यांना, हा प्रश्न पडतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. दोष फॉन्टच्या आतल्या नियमात होता. संगणकात हा आडवा र वेगळ्या खुणेने साठवला जातो, आणि फॉन्टने ती खूण ओळखून योग्य आकार काढायचा असतो. आमच्या फॉन्टला ते ठाऊक नव्हतं. ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे होते.

फुकट मिळणारे चांगले फॉन्ट तेव्हा होते, नव्हते असं नाही. रेड हॅट कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून घेतलेले लोहित फॉन्ट २००४ पासून खुले होते, २०११ मध्ये त्यांचा परवाना आणखी मोकळा झाला. पण गिऱ्हाइकाला पत्रिकेत वळणदार अक्षर हवं असतं. तसा एक छोटा फॉन्ट डेबियनमध्ये होता. करणाऱ्याने तो कधीच सोडून दिला होता, आणि त्याचं पॅकेजही बेवारस होतं.

पॅकेज म्हणजे काय, तर किराणा दुकानातली पुडी समजा. आत माल, वर चिठ्ठी: काय आहे, कुठली आवृत्ती, सोबत आणखी काय लागेल, परवाना कुठला, आणि हे सांभाळतं कोण. शेवटच्या ओळीत खऱ्या माणसाचं नाव आणि पत्ता असतो. तक्रार आली की ती त्याच्याकडे जाते आणि सगळ्या जगाला दिसते. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली. तीन दिवसांनी उत्तर आलं, त्याचा अर्थ असा: बरोबर आहे तुमचं, पण हे सांभाळायला कुणी नाही, तुम्ही घेता का?

मला वाटलं थट्टा करतात. पण त्यांची रीतच ती. १६ ऑगस्ट १९९३ ला इयान मर्डॉक नावाच्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोराने ही प्रणाली जाहीर केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, म्हणून डेबियन. त्याच्या आधीची तयार प्रणाली चुकांनी भरलेली होती आणि त्या कुणी निस्तरत नव्हतं, हा त्याचा राग. त्याने तोड काढली ती अशी की सगळं एकाने करायचं नाही. एकेक पॅकेज एकेकाने अंगावर घ्यायचं आणि सगळ्यांनी एकच नियम पाळायचे. १९९६ च्या डिसेंबरात ८४८ पॅकेजं होती आणि सांभाळणारे १२०. मर्डॉकने स्वतः त्याच वर्षी पुढारपण दुसऱ्याकडे दिलं होतं. २०१५ मध्ये तो वारला. काम थांबलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजं आहेत, आणि पूर्ण हक्काचे सभासद जगभरात मिळून हजाराच्या आसपास. कंपन्यांचे पगारी लोकही त्यात आहेत, पण पुष्कळसे माझ्यासारखे दिवसा दुसरं काही करणारे.

२०१४ मध्ये ते पॅकेज माझ्या नावावर झालं. सुरुवातीची दोन वर्षं माझं प्रत्येक काम एक जुना सभासद तपासून मगच पुढे पाठवायचा. परवान्याच्या कागदात एक ओळ चुकली म्हणून त्याने मला चार वेळा परत पाठवलं. पुढे हैदराबादला एका सभासदाला भेटलो. त्याने माझं ओळखपत्र पाहिलं आणि माझ्या डिजिटल सहीवर त्याची सही केली, की हा माणूस खरा आहे. चहा त्यानेच पाजला. आडवा र नीट उमटला त्या दिवशी मी "दुसऱ्या, वाऱ्यावर, दऱ्याखोऱ्या" असा एक कागद छापून तात्यांना दाखवला. ते म्हणाले, "हे आधी नीट नव्हतं होय?" संपलं कौतुक.

२०१९ च्या दिवाळीनंतर नानांना, माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला. कापूस वेचणीला आलेला, दुकान, दवाखान्याच्या फेऱ्या. त्याच वेळी डेबियनमध्ये मोठी साफसफाई चालू होती. पायथन नावाच्या भाषेची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून तिच्या कर्त्यांनीच बंद केली, म्हणून तिच्यावर चालणारं सगळं तिसरीवर आणायचं होतं. फॉन्ट बांधायच्या कितीतरी जुन्या स्क्रिप्ट त्याच भाषेत होत्या, माझीही. मला पत्र आलं. मग आठवण. मग ताकीद, की हे दुरुस्त झालं नाही तर पॅकेज पुढच्या आवृत्तीतून आपोआप निघेल.

काम जेमतेम दोन संध्याकाळींचं. मी ते केलं नाही. दवाखाना हे खरं कारण पहिल्या चार महिन्यांचं. नंतर मी पत्र उघडत नव्हतो ते लाजेपोटी. जितका उशीर, तितकी लाज जास्त, आणि जितकी लाज तितका उशीर. "मला जमत नाही, कुणीतरी घ्या" या एका वाक्यासाठी तिथे रीतसर जागा आहे. पॅकेजवर तशी खूण लावता येते, ती यादी सगळ्यांना दिसते, कुणी जाबही विचारत नाही. मी तेही लिहिलं नाही. तात्यांच्या वहीच्या घरातला माणूस मी.

२०२१ च्या जानेवारीत, नाना गेल्यानंतर, एका रात्री सगळी पत्रं उघडली. पॅकेज जिवंत होतं. जर्मनीतल्या एका सभासदाने आवृत्ती गोठायच्या आधी ती स्क्रिप्ट दुरुस्त करून चढवली होती. सांभाळणारा नसताना दुसऱ्याने हात लावायचा तर त्याचे नियम आहेत: आधी सांगायचं, बदल जसाच्या तसा दाखवायचा, आणि काम थेट न चढवता काही दिवस थांबवून ठेवायचं, म्हणजे मालक जागा झाला तर अडवू शकेल. त्याने दहा दिवस थांबवलं होतं. खाली लिहिलं होतं की तुम्हाला हरकत असेल तर सांगा, मी मागे घेतो. सुरुवातीच्या काळात दुसऱ्याच्या पॅकेजला हात लावणं त्यांच्यातही अपमान समजलं जायचं म्हणतात. ही सभ्यता भांडून भांडून आलेली आहे. मला त्या दहा दिवसांचं जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचं जागतिक संमेलन पहिल्यांदाच भारतात, कोचीला झालं. कृष्णा एक्सप्रेसने सिकंदराबाद आणि तिथून पुढे, असा गेलो. तो जर्मन तिथे होता. मी तीन वेळा मनात घोकून ठेवलेली माफी मागितली. त्याला काही आठवेना! त्या हिवाळ्यात त्याने अशी कितीतरी पॅकेजं केली होती. मग म्हणाला, दोन जणांची नावं लावा, एकट्याचं नाव धोक्याचं असतं. मला पेन्सिल आठवली.

घरी आल्यावर मी खूण लावली, की हे घेणारा हवा आहे. दोघे पुढे आले. एक फार उत्साही. पहिल्याच पत्रात म्हणाला की पूर्ण हक्क द्या, मी आठवड्यात सगळं नवं करतो. दुसरी नांदेडकडची एक इंजिनिअरिंगची मुलगी. तिने एक छोटी दुरुस्ती पाठवली आणि ल च्या आकाराबद्दल एक शंका विचारली. खरं सांगतो, मी पहिल्याला देऊन मोकळा होणार होतो. लाज वाटणाऱ्या माणसाला किल्ली कुणाच्या तरी हातात टाकायची घाई असते.

२९ मार्च २०२४ ला एक्सझेडची बातमी आली. एक्सझेड म्हणजे फाईली दाबून लहान करणारं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. जिया तान नावाने कुणीतरी २०२१ पासून त्याला मदत करू लागलं. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी पत्रं येऊ लागली, की काम फार हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या. दिलं. दोन वर्षांनी त्याच मदतनीसाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्याने खणून काढलं म्हणून जग वाचलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलं नव्हतं, पण चाचणीच्या आवृत्तीत शिरलं होतं.

माझा फॉन्ट कुणी कशाला पळवेल? आणि तो उत्साही मुलगा चांगलाच असेल, त्याच्यावर मी काही आळ घेत नाही. पण त्या रात्री मी त्याला लिहिलं की आधी सहा महिने सोबत काम करू, प्रत्येक बदल मी पाहीन, ओळख पटवू, मग बघू. त्याचं उत्तर आलं नाही. तेच पत्र त्या मुलीलाही गेलं होतं. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, "काका, सहा महिन्यांत तुम्हाला परत जमेनासं झालं तर मी कुणाला विचारायचं?"

हा प्रश्न मला दहा वर्षांत सुचला नव्हता. मग आम्ही फॉन्ट सांभाळणाऱ्या मोठ्या गटाला विचारून पॅकेज गटाच्या नावावर केलं, खाली आम्हा दोघांची नावं. परवान्याच्या कागदातली एक ओळ चुकली म्हणून मी तिला परत पाठवलं. एकदाच, चार वेळा नाही. २०२५ च्या आवृत्तीत ते तिच्या हातून गेलं, आणि त्यानंतर मी माझं नाव काढायला सांगितलं. तिने काढलं, आणि नांदेडच्याच तिच्या एका मैत्रिणीचं घातलं.

पैसे किती मिळाले असं विचारणाऱ्यांना: एक रुपया नाही. कोचीच्या तिकिटाचे खिशातून गेले ते वेगळेच.

एक तक्रार अजून उघडी आहे, माझ्या काळातली. "ऱ्ह" नीट उमटत नाही, म्हणजे "कऱ्हाड" लिहिलं की र आणि ह मध्ये फट पडते. परवा तिचा फोन आला होता की तुमच्या जुन्या पत्रिकांचे नमुने असतील तर पाठवा, बघायचंय कसं दिसायला हवं. तात्यांची वही शोधतोय. त्यात कऱ्हाडचे एक कीर्तनकार येऊन गेल्याचं त्यांच्या हाताने लिहिलेलं आहे. सापडली की फोटो काढून तिला पाठवतो, इथेही टाकतो.