साने गुरुजी
(२४ डिसेंबर १८९९ – ११ जून १९५०). कवी, शिक्षक, सत्याग्रही. पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म कोकणातल्या पालगडचा, पण सार्वजनिक आयुष्य घडले ते खानदेशात. तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करायला ते अमळनेरला आले आणि १९२४ पासून तिथेच शाळेत शिकवू लागले. पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या शाळेच्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, कपडे धुऊन ठेवत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगात उतरले.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, एकूण अठरा प्रवचने. तिथेच कैदेत असलेल्या गुरुजींनी ती भराभर उतरून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ आज वाचता येतात. खानदेशाने मराठीला दिलेले हे मोठे देणे आहे.

‘पत्री’ हा त्यांचा कवितासंग्रह १९३५ सालचा. ‘श्यामची आई’ या त्यांच्या पुस्तकाच्या अफाट लोकप्रियतेत त्यांच्यातला कवी झाकला गेला आणि हळवे गुरुजी तेवढे लक्षात राहिले, हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांची कविता अलंकारांत रमत नाही. ती मुलांच्या, जमावाच्या तोंडी सहज बसते. त्यांची ‘खरा तो एकचि धर्म’ ही प्रार्थना आजही कितीतरी शाळांत म्हटली जाते.

शांतता म्हणजे गप्प बसणे, असे त्यांनी कधी मानले नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे यासाठी आधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि मग १ मे १९४७ पासून प्राणांतिक उपोषण आरंभले. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. गांधीहत्येनंतर त्यांनी २१ दिवस उपवास केला. हत्या करणारा मराठी होता, याचे ते प्रायश्चित्त होते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, यासाठी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते स्वतः तमिळ शिकले होते, ‘कुरळ’ हे तमिळ काव्य त्यांनी मराठीत आणले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी जीवनयात्रा संपवली. ‘इस्लामी संस्कृती’ हे त्यांचे पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले.