यरुशलेमसाठी जमविलेला निधी : काही शब्दांचा विचार

पहिल्या शतकाच्या मध्यास यरुशलेम येथील ख्रिस्ती मंडळी विपन्नावस्थेत होती. सम्राट क्लॉडियस याच्या कारकीर्दीत (इ. स. ४१–५४) पडलेल्या दुष्काळाचा आणि त्या प्रसंगी सीरियातील अंत्युखिया येथून यहूदियात गेलेल्या साहाय्याचा उल्लेख ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात आढळतो. पुढे पौलाने गलतिया, मासेदोनिया आणि अखया या प्रांतांतील मंडळ्यांकडून यरुशलेममधील गरिबांसाठी निधी जमविण्याचे कार्य हाती घेतले. त्याची व्यवस्था साधी, परंतु काटेकोर होती. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी यथाशक्ति रक्कम बाजूस ठेवावी, आणि ती पोहोचविण्यासाठी मंडळीने स्वतःच माणसे निवडावीत, असे त्याने करिंथकरांस कळविले.

या निधीचा इतिहास बहुधा धर्मशास्त्राच्या अंगाने लिहिला जातो. परंतु पौलाने त्यासाठी योजिलेले शब्दही इतिहासाचे साधन होत. त्यांपैकी ‘लोगेइआ’ हा शब्द वर्गणीवाचक आहे. ईजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांत व खापरांवरील पावत्यांत तो देवस्थानासाठी गोळा केलेल्या पैशाच्या अर्थी येतो, हे डाइसमान या जर्मन पंडिताने दाखवून दिले. म्हणजे व्यवहारातील रोकडा शब्दच पौलाने उचलला. मात्र विवेचनाच्या ओघात तो ‘खारिस’ (कृपा), ‘कोइनोनिया’ (सहभाग) आणि ‘दिआकोनिया’ (सेवा) या शब्दांकडे वळतो.

याहून लक्षणीय शब्द ‘लेइतुर्गिया’ हा होय. ग्रीक नगरांत श्रीमंत नागरिक स्वखर्चाने जे सार्वजनिक कार्य पार पाडीत, त्याचे हे नाव. त्यातून त्यांना प्रतिष्ठा लाभे. मासेदोनियातील मंडळ्या अत्यंत दरिद्री असल्याचे पौल स्वतःच सांगतो; आणि तरीही ज्या निधीत त्यांचा वाटा होता, त्याला तो धनिकांच्या मानाचा हा शब्द लावतो. रोमन समाजात देणारा आश्रयदाता व घेणारा आश्रित ठरे. पौल मात्र ‘इसोतेस’, म्हणजे समता, हे या देवघेवीचे प्रयोजन सांगतो. रोमकरांस लिहिताना तो आणखी पुढे जातो : यरुशलेमकडून आध्यात्मिक ठेवा मिळाला असल्याने हे साहाय्य म्हणजे ऋणच आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे.

हा निधी यरुशलेममध्ये स्वीकारला जाईल किंवा नाही, याविषयी पौल साशंक होता. सुमारे इ. स. ५७ मध्ये तो तेथे गेला व त्याला अटक झाली. निधीचे कसे स्वागत झाले, याविषयी ‘प्रेषितांची कृत्ये’ मौन पाळते. सुभेदार फेलिक्स याच्यापुढील जबानीत मात्र या ग्रंथाचा कर्ता पौलाच्या तोंडी ‘एलेएमोसिने’, म्हणजे भिक्षादान, हा शब्द घालतो. पौलाच्या पत्रांत हा शब्द एकदाही येत नाही. समतेची भाषा दरबारात येताच दानधर्माची भाषा झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी वाचकास हा भेद समजण्यास अडचण पडू नये. ‘ईश्वराचे देणे’ आणि ‘सावकाराचे देणे’ या दोन्ही प्रयोगांत शब्द एकच आहे : पहिल्यात तो देणगीचा वाचक, दुसऱ्यात ऋणाचा. पौलाने जे अनेक शब्दांच्या साहाय्याने साधण्याचा प्रयत्न केला, ते आपल्या या एका शब्दात एकत्र नांदते. साहाय्याला ‘दान’ म्हणावे की ‘देणे’, हा केवळ शब्दनिवडीचा प्रश्न नव्हे. घेणाऱ्याने मान ताठ ठेवावी की झुकवावी, हे त्यावर अवलंबून असते.